वागळीचा काटा आणि फुकटचं जर्नल

भारतात आपत्कालीन वैद्यक हा स्वतंत्र विषय आहे, असं मेडिकल कौन्सिलनं मान्य केलं 2009 साली. त्या विषयाचं जर्नल मात्र आदल्या वर्षीच निघालं होतं. आधी बारसं आणि मग जन्म, असा हा प्रकार. जर्नलचं नाव 'जर्नल ऑफ इमर्जन्सीज, ट्रॉमा अँड शॉक'; आम्ही त्याला जेट्स म्हणतो. भारतातल्या आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका गटानं ते सुरू केलं, मुंबईच्या मेडनो या संस्थेनं ते काढलं आणि इंटरनेटवर ते कुणालाही फुकट वाचता येत होतं. 2008 मध्ये दोन अंक निघाले, 2009 मध्ये तीन, 2010 मध्ये चार.

दोन, तीन, चार. डोळे दिपावेत अशी काही ही वाढ नव्हे. पण ज्यांनी कधी मंडळाचं त्रैमासिक चालवलंय, निदान स्मरणिकेसाठी लोकांच्या मागे लागलेत, त्यांना या आकड्यांमागे काय असतं ते सांगायला नको. नव्या जर्नलची तर दुहेरी पंचाईत. लेख शोधायच्या मोठ्या सूचींमध्ये नाव नसेल तर चांगले लेख येत नाहीत, आणि चांगले लेख सातत्यानं छापल्याशिवाय सूचीत कुणी घेत नाही. अंक मात्र तारखेला निघालाच पाहिजे. मग संपादक परिषदेत चहाच्या रांगेत एकेकाला गाठतात. "अहो, तो तुमचा पेशंट सांगत होता ना मघाशी, तो लिहून पाठवा की!" असे लिहून पाठवलेले पेशंट त्या सुरुवातीच्या अंकांत भरपूर आहेत. हल्ली सुट्टीच्या दिवशी मी ते जुने अंक ओळीनं वाचत असतो. इंग्रजी कुठे कुठे अडखळतं, फोटो धूसर आहेत, पण पेशंट ओळखीचे वाटतात. आमच्या दारात येतात तेच.

मी उत्तर गोव्यातल्या एका सरकारी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत काम करतो. दुचाकीवरून पडलेले, माडावरून पडलेले पाडेली, कीटकनाशक प्यालेले, समुद्रातून ओढून काढलेले पर्यटक, साप चावलेले, आणि नुसतेच घाबरलेले. मी या कामात आलो तेव्हा कॅज्युअल्टीला मालक नव्हता. सर्जरीवाला आपली ड्युटी संपेपर्यंत थांबायचा, मेडिसिनवाला आपली. जमेल तेवढं करायचं आणि 'बांबोळीला पाठव', म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात पाठव, म्हणायचं. 2008 हे साल गोव्याच्या बाबतीतही लक्षात राहण्यासारखं आहे. त्याच वर्षी इथे 108 धावू लागली आणि किनाऱ्यांवर 'दृष्टी'चे जीवरक्षक उभे राहिले. म्हणजे पेशंट आमच्यापर्यंत जिवंत पोचू लागले. पोचल्यावर काय करायचं, हा प्रश्न आमच्यावर येऊन पडला.

त्याचं उत्तर कुठे शोधायचं? पुस्तकं होती, पण ती अमेरिकेत लिहिलेली. त्यांत गोळी लागलेल्याचं प्रकरण चाळीस पानांचं आणि ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकांच्या विषबाधेचं चार पानांचं. आपल्याकडचं प्रमाण नेमकं उलटं. जर्नलं होती, पण कुलपाआड. एक लेख वाचायचा तर तीसेक डॉलर मोजा, तेही क्रेडिट कार्डावर. ग्रंथालयात काही जर्नलं यायची. ग्रंथालय संध्याकाळी बंद व्हायचं आणि आमचं काम त्यानंतर सुरू व्हायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2002 मध्ये हिनारी नावाची योजना आणली, गरीब देशांतल्या संस्थांना महागडी जर्नलं फुकट किंवा स्वस्तात देणारी. तिच्यात भारत बसला नाही. माणशी उत्पन्न पाहिलं तर आपण गरीब, पण एकूण बाजारपेठ पाहिली तर बडे. प्रकाशकांनी दुसरा आकडा पाहिला.

म्हणून जेट्ससारखं जर्नल फुकट आहे याचं अप्रूप फक्त पैशाचं नव्हतं. त्वचारोगाचा डॉक्टर उद्या वाचू शकतो, आम्हाला आत्ता वाचायचं असतं. पेशंट स्ट्रेचरवर आहे, नर्स विचारतेय "डॉक्टर, काय देऊ?", आणि फोनच्या पडद्यावर पैसे मागणारी चौकट येते की पूर्ण लेख उघडतो, यावर पुढची दहा मिनिटं ठरतात. खुल्या प्रकाशनाचा, म्हणजे संशोधन कुणालाही फुकट वाचता यावं याचा, जाहीरनामा बुडापेस्टच्या बैठकीतून निघाला आणि फेब्रुवारी 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलेला तो मजकूर छान आहे, पण त्याचा सगळ्यात मोठा फायदा रात्रपाळीवाल्यांना होईल हे तेव्हा कुणाच्या डोक्यात असेल असं वाटत नाही.

या बाबतीत मुंबई जगाच्या पुढे होती, हे आपण मराठी लोक फारसं सांगत नाही. केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' 1955 पासूनचं. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ते इंटरनेटवर पूर्ण खुलं केलं. वाचकाकडून पैसे नाहीत, लेखकाकडूनही नाहीत. सगळ्यांना वाटलं, आता छापील अंकाची वर्गणी कोण भरणार? झालं उलटंच. लोकांना जर्नल सापडू लागलं आणि छापील वर्गणीदार वाढले. हेच गणित मेडनोनं मग इतर अनेक भारतीय जर्नलांना लावलं. 2011 च्या शेवटी मेडनो एका मोठ्या परदेशी प्रकाशन समूहाकडे गेली. त्यावर मला जे वाटतं ते लिहायला वेगळा लेख लागेल.

तिकडे कॅलिफोर्नियातही असंच एक जर्नल वाढत होतं. 2000 साली 'कॅलिफोर्निया जर्नल ऑफ इमर्जन्सी मेडिसिन' निघालं, तेव्हा ते तिथल्या आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेचं लहानसं पत्रक म्हणावं एवढंच होतं. 2007 मध्ये त्याच्या नावातल्या 'कॅलिफोर्निया'चं 'वेस्टर्न' झालं, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात ते मिळू लागलं आणि पुढे जगभर वाचलं जाऊ लागलं. पैशासाठी त्यांनी काढलेली युक्ती मला आवडते. एकेका लेखकाला पिळण्याऐवजी मेडिकल कॉलेजांच्या विभागांनाच वार्षिक वर्गणीदार करून घेतलं. आपल्याकडे हे अजून कुणी नीट करून पाहिलेलं नाही, आणि का नाही ते मला कळत नाही. विभागाच्या वार्षिक संमेलनात पाहुण्यांच्या शाली-श्रीफळावर जातो तेवढा खर्चही पुरला असता.

अशा जर्नलांसाठी मीही लेख तपासतो. पैसे मिळत नाहीत. वर्षाअखेर ईमेलनं एक प्रमाणपत्र येतं, ते बायको फ्रिजवर लावू का म्हणून विचारते. पण हे काम करताना कळतं की जर्नल वाढतं म्हणजे काय होतं. कुठल्या तरी तालुक्यातल्या डॉक्टरानं सर्पदंशाच्या पेशंटबद्दल लिहिलेलं असतं. रक्त किती मिनिटांत गोठलं ते आहे, लस किती दिली ते आहे, पण पेशंटला चावल्यावर किती वेळानं आणलं तेच नाही. मी विचारतो. तो महिन्यानं उत्तर देतो: चार तास, कारण ओढ्याला पूर होता. ती ओळ लेखात जाते. लेखाचा अर्थच बदलतो. असे चार-पाच प्रश्न प्रत्येक लेखाला, असे पंचवीसेक लेख प्रत्येक अंकाला, आणि हे सगळं झोपेतून काढलेल्या वेळात करणारी माणसं. संपादकीयात याचा उल्लेख 'समीक्षकांचे आभार' एवढाच असतो.

लिहिण्याचा विषय निघाला की मला महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. कोकणात लाल विंचू चावला की माणसं मरत. हा खेड्यातला सरकारी डॉक्टर पेशंटच्या उशाशी बसून नोंदी करत राहिला: घाम, लाळ, थंडगार हातपाय, मग फुप्फुसात पाणी. 1982 मध्ये त्यांच्या नोंदी लंडनच्या 'लॅन्सेट' या जर्नलमध्ये छापून आल्या, 1986 मध्ये प्राझोसिनबद्दलचं लेखन आलं. रक्तदाबाची ती साधी, स्वस्त गोळी. मृत्यू धाडधाड कमी झाले. पण गंमत बघा, महाडच्या डॉक्टरानं महाडच्या पेशंटबद्दल लिहिलेलं, शेजारच्या पोलादपूरच्या डॉक्टराला वाचायचं तर 'लॅन्सेट' आणायचा कुठून? ते ज्ञान लंडनला जाऊन यायचं आणि मग परिषदांतून, ओळखीपाळखीतून, हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांतून खाली झिरपायचं. 2011 मध्ये नुसतं प्राझोसिन आणि प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरची लस, अशी त्यांची तुलना 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली, तेव्हा ती मला इथे बसल्या बसल्या फुकट वाचता आली. मधल्या पंचवीस-तीस वर्षांत जे बदललं ते हेच.

आणि गोव्याला तर या बाबतीत फारच जुनी परंपरा आहे. 1556 मध्ये छापखाना गोव्यात उतरला, तोही खरं तर अ‍ॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जायला निघालेला. 1563 मध्ये त्या सुरुवातीच्या छपाईतच गार्सिया द ओर्ता या वैद्याचं भारतीय औषधींवरचं संवादरूप पुस्तक छापलं गेलं. त्यात पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, पेशंटचं वर्णन आहे. खोल गेलेले डोळे, क्षीण नाडी, गार पडलेलं अंग, पायांना येणारे गोळे. आजच्या भाषेत तो केस रिपोर्टच. आणि तोही कॅज्युअल्टीतला, कारण पटकीचा माणूस काही तासांत हातचा जाई. मूळ पुस्तक पोर्तुगीजमध्ये, चुकांनी भरलेलं, मोजक्या प्रतींचं. 1567 मध्ये क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचा लॅटिन संक्षेप केला आणि मग ते सगळ्या युरोपभर गेलं. लेखकाच्या वाट्याला मात्र वेगळंच आलं. ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर, 1580 मध्ये, इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याची हाडं उकरून जाळली. पणजीत चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे. तिथे बसून फोनवर रील बघणाऱ्यांना हे ठाऊक असावं अशी माझी मुळीच अपेक्षा नाही, मलाही ते कॉलेज संपल्यावर कळलं.

आता वागळीकडे येतो.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, रापणी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळी ओढून मासेमारी, सुरू झाल्या होत्या. पहाटे चारच्या सुमाराला हरमलच्या बाजूचा एक रापणकार आणला. जाळं ओढताना वागळीवर, म्हणजे लांब शेपटीच्या चपट्या माशावर, पाय पडला होता. वागळीच्या शेपटीवर करवतीसारख्या दात्यांचा काटा असतो आणि त्यावर विषाचं आवरण. जखम घोट्याजवळ, इंच-दीड इंच, कडा निळसर. रक्त फारसं नव्हतं. पण माणूस असा कळवळत होता की त्याला धरून आणणारे दोघे जण त्याच्यापेक्षा जास्त घाबरले होते. वेदनाशामक इंजेक्शन दिलं, काही फरक नाही. आमचा जुना अटेंडंट दारात उभा होता. तो म्हणाला, "दोतोर, पांय ऊन उदकांत दवर म्हण ताका."

मी फोन काढला. म्हातारा खरं सांगतोय की घरगुती उपाय सांगतोय, हे मला बघायचं होतं. दोन खुले लेख मिनिटाभरात उघडले. विष प्रथिनांचं बनलेलं, उष्णतेनं निकामी होतं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण 45 अंशांच्या, तीस ते नव्वद मिनिटं पाय ठेवायचा. जखमेत काट्याचा तुकडा राहिलाय का ते एक्स-रेनं बघायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवायचं नाही. नर्सच्या खोलीतली चहाची इलेक्ट्रिक किटली आली, निळी प्लास्टिकची बादली आली. दुसरा पाय आधी बुडवून पाणी पोळत नाही ना ते पाहिलं, कारण दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. वीसेक मिनिटांनी त्याचे खांदे सैल झाले. "आतां बरें दिसता," म्हणाला, आणि वागळी कुणी नेली असेल याची चौकशी करू लागला.

तेव्हापासून आमच्याकडे अशा पेशंटची वही ठेवली जाते. ठेवते आमची ज्युनियर, सत्तरी तालुक्यातली मुलगी. वागळी, शिंगाळा, जेलीफिश, सगळे त्यात. वेदना दहापैकी किती, पाण्यात ठेवण्याआधी आणि नंतर. कोळणी बाजारात मासे साफ करताना शिंगाळ्याचा काटा लागून येतात, त्या आकडा सांगत नाहीत, शिव्या देतात. त्यांचा आकडा ही आपल्या अंदाजानं घालते. चांगली नोंद जमली तेव्हा मी म्हटलं, लिही. तिनं लिहिलं. आणि मग प्रश्न आला, पाठवायचं कुठे?

वाचण्याचं दार उघडलं ते उघडलंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांनी ते उघडलं त्यांनी पैसे घेण्याची खिडकी दुसऱ्या बाजूला, लिहिणाऱ्यांच्या बाजूला हलवली. खुली जर्नलं काढणाऱ्या बायोमेड सेंट्रल या संस्थेनं सुरुवातीला लेखामागे 500 डॉलर घेतले, तशाच प्लॉस या संस्थेनं 2003 मध्ये 1,500. तेव्हा लोकांना ते फार वाटले होते. 2020 मध्ये 'नेचर'नं आपला आकडा जाहीर केला: 9,500 युरो. आपत्कालीन वैद्यकातल्या जर्नलांचे दर इतके नाहीत, पण सरकारी इस्पितळातल्या ज्युनियरच्या दोन-तीन पगारांएवढे सहज आहेत. सवलत मागावी तर बहुतेक मोठ्या प्रकाशकांच्या सवलतीच्या यादीत भारत नाही. कारण पुन्हा तेच, देशाचं एकूण उत्पन्न. हिनारीच्या वेळी आपण वाचायला श्रीमंत ठरलो होतो, आता लिहायला श्रीमंत ठरलो.

यावर कुणी म्हणेल, स्वस्तात छापणारी जर्नलं ढिगानं आहेत. आहेत ना! रोज सकाळी ईमेल येतं, "आदरणीय महोदय, आपला अमूल्य लेख तीन दिवसांत प्रसिद्ध करू." तीन दिवसांत कोण तपासणार? कुणीच नाही. या भामट्या जर्नलांनी खुल्या प्रकाशनाचं नाव इतकं खराब केलं की 2015 मध्ये मेडिकल कौन्सिलनं बढतीसाठी ई-जर्नलंच मोजायची नाहीत असं ठरवलं. म्हणजे कागदावर छापलेलं खरं आणि पडद्यावरचं खोटं. पुढे नियम बदलले, पण ती काही वर्षं प्रामाणिक ई-जर्नलांना फार जड गेली. बढती हवी असलेला प्राध्यापक तिथे कशाला लिहील?

सरकारनं आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आणलंय: तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 जर्नलं. सरकारी संस्थांतल्या लोकांना याचा उपयोग होईल, मलाही होतो. पण वाळपईला किंवा पेडण्यात स्वतःचं छोटं नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टराला त्यात जागा नाही, आणि पहिला विंचू, पहिली वागळी बहुतेक वेळा त्याच्याकडेच जाते. एवढ्या पैशांतला थोडा भाग आपल्याच खुल्या, विनाशुल्क जर्नलांना दिला असता तर? केईएमच्या जर्नलानं हे करून दाखवलं होतंच. हे मी एका बैठकीत बोललोसुद्धा. अध्यक्षांनी सूचना नोंदवून घेतली आणि जेवणाची वेळ झाल्याचं जाहीर केलं.

ज्युनियरनं शेवटी लेख पाठवला तो शुल्क न घेणाऱ्या एका लहान जर्नलाला. दोन महिने काही नाही. मग समीक्षकांची उत्तरं आली. पहिल्यानं स्वल्पविराम दुरुस्त केले होते. दुसऱ्यानं एकच प्रश्न विचारला होता: पाण्याचं तापमान किती होतं? वहीत लिहिलेलं होतं 'सोसवेल इतकं गरम'. ती वैतागली. मी मनातून त्या अनोळखी माणसावर खूश झालो. मीही हेच विचारलं असतं.

आमच्याकडचा थर्मामीटर तापासाठीचा. 42 च्या वर गेलं की पडद्यावर नुसतं 'हाय' उमटतं. मग तिनं हायस्कूलमधल्या एका मैत्रिणीकडून रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला लांब काचेचा थर्मामीटर मागून आणला. दुपारी ओपीडी संपल्यावर किटली, नळ, निळी बादली. अटेंडंट आधी करतो तसंच पाणी हातानं बघून ओतायचा, आणि ती मग मोजायची. त्याच्या हाताचं 'बरें ऊन' 44 ते 46 मध्ये पडत होतं, प्रत्येक वेळी. पंख्याखाली मात्र पाणी पंधरा मिनिटांत 41 वर उतरायचं. म्हणजे मधे मधे नवं गरम पाणी घालायला हवं, हे लेखात आलं; पुस्तकात मला ते ठळकपणे कुठे सापडलं नव्हतं.

लेखाच्या शेवटी आभाराची ओळ असते. तिनं अटेंडंटला विचारलं, "तुमचं नाव घालू का?" तो थर्मामीटर फडक्यानं पुसत होता. त्यानं विचार केला.

"पयशे भरचे पडटले?"

"नाही."

"मागीर घाल."